नऊ नंबरची गौर

…आणि वर तो दुकानवाला विचारतो काय, तर "अंकल, कसं वाटतंय?" अहो, कसं वाटतंय काय, कसं वाटतंय! वाटत नाही म्हणून तर इथं आलाय ना माणूस! पायाला काही वाटत असतं तर बाजीराव खारघरहून वाशीला तडफडत येऊन, तुमच्या त्या गुबगुबीत स्टुलावर बसून, खोक्यांमागून खोकी उघडायला लावत बसले असते का? तुम्हीच सांगा! पण नाही. प्रत्येक जोड पायात सरकवला की तो प्रीतम – दुकान त्याचंच, चांगला चाळिशीतला, मिशीवाला, दिसायला समजूतदार माणूस – मान तिरकी करून विचारणार, "अंकल, कसं वाटतंय?" आणि बाजीराव आपले खाली वाकून पायांकडे बघणार, पायांनी काही उत्तर दिलं तर ऐकावं म्हणून… पाय गप्प! मग हे म्हणणार, "मस्त!" सोळा जोड घालून बघितले, तुम्हाला सांगतो, सोळाच्या सोळा मस्त! आता ह्या माणसाला चप्पल निवडून द्यायची कुणी आणि कशी?

थांबा, तुम्हाला बाजीराव कोण तेच सांगितलं नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गाव कराडकडचं, आणि नोकरी केली तळोज्याला केमिकल कंपनीत. नोकरी कसली? सेफ्टी ऑफिसर! तीस वर्षं हा माणूस गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून, गेटवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होता. तोंडं नाही बघायचे, पाय! समोरून माणूस गेला तर ओळखायचे नाहीत, पण बूट बघितला की नाव सांगायचे. सेफ्टी शूज नाहीत? चल, माघारी फिर. लेस सुटलीय? बाजूला हो, बांध, मग आत. एकदा म्हणे थेट मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेल्या साहेबालाच ह्यांनी सँडल घालून आला म्हणून पाऊण तास बाहेर उभं केलं. असा माणूस! आणि रिटायर झाल्यावर शरीरातलं नेमकं काय बंद पडावं? गुडघा नाही, पाठ नाही, कान नाही… पाय! म्हणजे पाय आहेत हो जागच्या जागी, चालतात बिलतात, पण त्यांची खबर वर पोचत नाही.

शुगर चौदा वर्षांची. आधी मुंग्या यायच्या, मग आग व्हायची, मग हळूहळू सगळंच शांत झालं, आणि हे खूश! म्हणाले, "बघ संध्या, आग गेली, फरक पडला." फरक कसला पडतोय, नसा थकल्या होत्या. डॉक्टर न्यूरोपथी म्हणतात त्याला. आणि हे घरात कळलं कसं माहितीये? एक दिवस सकाळी भाजी आणायला गेले. परत आले, बेल वाजवली, संध्यावहिनींनी दार उघडलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, दुसरी कुठाय?"

"दुसरी कशाला? मेथी एकच जुडी सांगितलीस."

"जुडी नाही हो! स्लिपर!"

बाजीरावांनी बघितलं तर डाव्या पायात स्लिपर, उजवा पाय उघडा. ठणठणीत उघडा! मार्केटपासून सिग्नल ओलांडून, सोसायटीच्या खडीवरून, लिफ्टनं चौथ्या मजल्यावर, एका पायात स्लिपर आणि एक पाय अनवाणी असा हा माणूस मजेत शीळ घालत आला! बरं, घाबरावं की नाही? हे काय म्हणाले, "तरीच! म्हटलं उजवीकडं जरा मोकळं मोकळं का वाटतंय." खोटं! साफ खोटं! काही वाटत नव्हतं! ती स्लिपर सापडली शहाळेवाल्याकडे, त्यानं ती हातगाडीच्या चाकाखाली सरकवून ठेवली होती, गाडी उतारावरून जाऊ नये म्हणून. म्हणजे सेफ्टीसाठीच वापरली म्हणा!

मग वहिनींनी धरून नेलं डॉक्टरांकडे. डॉक्टर निशिगंधा, तरुण बाई, पण भारी कडक. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू घेऊन तळपायाला टोचून बघायला लागल्या. "काका, लागलं की 'हो' म्हणा हं." आता बाजीरावांना वाटलं ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत नापास होणं घराण्यात नाही. डोळे मिटून हे अंदाजानं दर पाच सेकंदांनी "हो… हो… हो…" डॉक्टरबाई मध्येच फोन घ्यायला उठून खिडकीशी गेल्या, तरी इकडे आपलं चालूच, "हो… हो…" वहिनींनी कपाळावर हात मारला.

मग बाईंनी समोर बसवून एकेक समजावलं. काका, आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. बाहेर नाही, घरात पण नाही, बाथरूमला जाताना पण नाही. अंगठ्याची चप्पल बंद, मागे पट्टा असलेलीच घ्यायची. पुढून रुंद हवी, बोटांना जागा हवी. खरेदी संध्याकाळी करायची, दिवसभरात पाय सुजतात ना, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा आहे का, शिवण टोचतेय का. आणि रोज रात्री तळपाय आरशात बघायचे. "तुमचे पाय आता तक्रार करणार नाहीत," बाई म्हणाल्या, "तेव्हा त्यांच्या वतीनं तुम्हीच लक्ष ठेवायचं."

अहो, हे असलं सगळं बाजीरावांच्या आवडीचंच! तीस वर्षं हेच तर लोकांना सांगत आले. येताना रिक्षातच त्यांनी वहिनींना सेफ्टीचं अर्धा तास लेक्चर दिलं. पण घर आलं… आणि घरात कोण बसलंय? मुक्ताबाई!

मुक्ताबाई म्हणजे बाजीरावांच्या आई. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, आवाज शाबूत, दात तेवढे वाटीत. बाजीराव दारातून चप्पल घालून दोन पावलं आत आले मात्र…

"बाजी! पायताण!"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय…"

"डाक्टरच्या घरात घाल मग! हितं देव हायती, चूल हाय. गावच्या घरात तुज्या बापानं कधी उंबऱ्याच्या आत पायताण आणलं न्हाई, अन् तू हितं चौथ्या माळ्यावर लक्षुमीच्या डोक्यावर जोडं घालून नाचनार व्हय रं?"

आता काय बोलणार? तळोज्याच्या गेटवर हेड ऑफिसच्या साहेबाला अडवणारा माणूस, दारात उभं राहून निमूट चप्पल काढतो! मग तडजोड निघाली, सॉक्स. घरात सॉक्स घालायचे. आणि घरात फरशी कुठली? ती गुळगुळीत, तोंड दिसणारी. पहिल्याच दिवशी बाजीराव हॉलमधून बेडरूमकडे चालत निघाले आणि पोचले घसरत, थेट कपाटापर्यंत. सॉक्स बंद. परत अनवाणी. वहिनी मधल्या मधे! सासूला बोलता येत नाही, नवऱ्याला बघवत नाही.

निदान बाहेरचं तरी नीट घेऊया म्हणून बाजीराव एकटेच जाऊन बूट घेऊन आले. ऐटीत! "एकदम कम्फर्टेबल," म्हणाले. दोन दिवस घालून सेंट्रल पार्कला फिरून आले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी आरसा धरला तर करंगळीला हा फोड! नंबर बघितला तर आठ. पाय नऊचा आणि बूट आठचा! "अहो, चावला नाही का?" आता चावायचा तो चावलाच असणार, बूट आपलं काम करतोच हो, पण चावल्याचं कळायला नको का? आणि खरं कारण ऐका, वहिनींनाही नाही सांगितलं त्यांनी, मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं. नऊ नंबर घातला की पायात काही आहे असंच वाटत नाही. आठ नंबर घातला की आवळतो, तेव्हा कुठं जरासं कळतं की हां, बाबा, पाय आहेत, बूट आहेत. म्हणाले, "कळलं म्हणून बरं वाटलं रे."

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोड साफ केला आणि सरळ सांगितलं, "काका, ही वाचली. पण पुढची जखम अशीच कळली नाही आणि चिघळली तर करंगळी जाईल. आणि करंगळीवर थांबेलच असं नाही." त्या दिवशी रिक्षात लेक्चर झालं नाही. बाजीराव खारघर येईपर्यंत आपल्याच पायांकडे बघत बसले होते, आणि वहिनींनी पर्सच्या आडून त्यांचा हात धरला होता.

त्याच दिवशी बाईंनी ती कागदाची युक्ती सांगितली. कागदावर उभं राहायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं, आणि ते कागदी पाऊल बुटात घालून बघायचं. कडेला दुमडलं, चुरगळलं की बूट अरुंद. सपाट बसलं आणि पुढे अंगठ्याएवढी जागा उरली की घ्यायचा. वाटण्या-बिटण्याचा प्रश्नच नाही! वहिनींनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं जाडसर पान काढलं, बाजीरावांना त्यावर उभं केलं, आणि दोन पावलं कापून पिशवीत घातली. म्हणून तर ही वरात वाशीला त्या प्रीतमच्या दुकानात!

"अंकल, ये क्या है?"

"पाय आहेत माझे."

"पाय? और ये नीचे वाले किसके है?"

"हे पण माझेच. पण हे खोटं बोलतात."

बिचारा प्रीतम! जन्मभर माणसाला चप्पल घालून 'कसं वाटतंय' विचारायची सवय, ती एका दिवसात जाते का? वहिनी वाकून बुटात कागद सरकवतायत, बाजीराव हात घालून आतली शिवण चाचपतायत, आणि हा आपला वरून, "अंकल, कसं वाटतंय?" सोळाव्या जोडाला वहिनींचा संयम सुटला. म्हणाल्या, "अहो दादा, त्यांना नका विचारू, कागदाला विचारा!" मग त्याला उमगलं. मग मात्र पठ्ठ्या कामाला लागला. माळ्यावर चढला, धूळ झटकून खोकी काढली, स्वतः कागद घालून बघायला लागला, आणि सतराव्या जोडात कागद असा सपाट बसला, असा बसला, की दुकानातल्या चार गिऱ्हाइकांनी मान डोलावली. बाहेरचा एक बूट घेतला, आणि घरात घालायला एक मऊ सँडल, रुंद, मागे पट्टा, वेलक्रो. दिसायला? दिसायला कासव! पण सेफ.

बूट लागला कामाला. सँडलचं काय झालं? खोक्यातून बाहेर निघाली नाही. मुक्ताबाईंनी खोकं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं हेच उपकार. जाई – बाजीरावांची मुलगी, महापेला कॉम्प्युटर कंपनीत आहे, निम्मे दिवस घरूनच काम – तिनं आजीला मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, पायाचे, जखमांचे. आजी म्हणाली, "ह्या लोकांनी देवाचं कायतरी केलं आसंल." संपलं!

आणि मग आल्या गौरी.

आता गौरीच्या दिवशी घरात काय असतं मी सांगायला नको. मखर, साड्या, मुखवटे, फराळाचे डबे, सी विंगमधल्या यच्चयावत बायका! आणि दारापासून मखरापर्यंत काय काढायची असतात? गौरीची पावलं. ते काम जाईकडं. जाईच्या कानात हेडफोन, पलीकडे ऑफिसची मीटिंग, हातात कुंकवाची वाटी, आणि साचा सापडेना. सापडेना म्हणून ड्रॉवर उचकला, तर हाताला काय लागलं? कॅलेंडरच्या कागदाची कापलेली, आयती, सुबक दोन पावलं! पोरीला वाटलं आईनं ह्यासाठीच कापलीत. ठेवला कागद, फिरवला खडू, भरलं कुंकू… ठेवला, फिरवला, भरलं… मीटिंग संपेपर्यंत दारापासून मखरापर्यंत अकरा पावलं!

मुक्ताबाई बाहेर आल्या, चष्मा पुसला, परत बघितलं.

"अगं ए जाई! ही गौर हाय का तालमीतला गडी?"

नऊ नंबर! अहो, बाजीरावांच्या नऊ नंबरच्या पावलांनी गौर आली यंदा! पुसायलाही वेळ नाही, बायका दारात. आणि दारात विचारायची पद्धत असते ना, गौर कशाच्या पावलांनी आली म्हणून, आणि आणणारीनं काहीतरी मंगल-बिंगल सांगायचं. आमच्याच हिनं विचारलं, आणि जाईच्या तोंडून भसकन निघालं, "नऊ नंबरच्या!" बायका अशा हसल्या की गौरीचा मुखवटा पडता पडता वाचला.

आता ह्या धांदलीत एक बारीकशी गोष्ट झाली. साडीच्या निऱ्या करताना वहिनींच्या हातातली काचेची बांगडी मखराच्या कडेला आपटली. आणि बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, सणाच्या दिवशी तर नाहीच नाही. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, बांगडी वाढली." सगळ्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, वाढली ना." मोठे तुकडे गोळा केले आणि परत निऱ्या सुरू. आता मला सांगा, फुटली म्हटलं असतं तर पाच माणसं खाली बघून चालली असती की नाही? वाढली म्हटल्यावर कोण खाली बघतंय! आणि सेफ्टी ऑफिसर? ते त्या वेळी बायकांना वाट देत, भिंतीला चिकटून, मखरामागून स्वयंपाकघराकडे सटकत होते. अनवाणी.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. आरतीचं ताट आणायला मुक्ताबाई वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या. जाईची अकरा पावलं मखरापाशी संपली होती. आणि मखरापासून स्वयंपाकघराकडे… आणखी सात! ओली, लालभडक, ताजी!

"जाई, ही तू काढलीस?"

"नाही आजी. मी मखरापर्यंतच काढली."

सगळ्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या. एक बाई हळूच म्हणाली, "अगं, गौर स्वयंपाकघरात गेली… भांडार भरणार बाई तुमचं!" झालं! मुक्ताबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि खाली वाकून हात टेकले. "आली गं माजी माय! आपल्या पायानं चालत आली!" एकीनं हळद-कुंकू वाहिलं, एकीनं फूल, आमच्या हिनं मोबाईल काढून फोटो. तेवढ्यात कुणीतरी शंका काढली, "पण सगळी उजवीच कशी गं?" लगेच दुसरी, "शुभ असतं! उजव्या पायानंच यायचं असतं!" तिसरीला प्रश्न पडला की मग डावा पाय कुठं ठेवला असेल, पण तिला गप्प केलं.

पण वहिनींच्या लक्षात आलं. नऊ नंबर डोळ्यांत बसलेला होता ना त्यांच्या! हातातली साडी तशीच टाकून त्या पावलांच्या मागे धावल्या. आणि स्वयंपाकघरात कोण? ओट्याला टेकून, पाठ दाराकडे, हातात डबा, तोंडात करंजी… बाजीराव! शुगरवाला माणूस, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी! पायाखाली थारोळं, टाचेत बांगडीचा हिरवा तुकडा रुतलेला, आणि चेहऱ्यावर काय समाधान! आणि वहिनींच्या तोंडून शब्द निघाला तो कुठला?

"अहो… कसं वाटतंय?"

बाजीराव दचकले, करंजी गिळली आणि म्हणाले, "मस्त! सारण जरा आणखी गोड चाललं असतं."

त्यानंतर कुणी हसलं नाही. म्हणजे आता आपण हसतोय, पण तेव्हा नाही. मुक्ताबाई आल्या, बघितलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई फतकल मारून तिथंच फरशीवर बसली. बाजीरावांना ओढून स्टुलावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, नव्याकोऱ्या इरकलीवर, आणि चष्मा नाकावर ओढून दोन बोटांनी तो तुकडा ओढून काढला. आणि बघत राहिल्या त्याच्या तोंडाकडं, आता ओरडेल, आता हात झटकेल… आणि हा शांत! "बाजी, दुखलं न्हाई व्हय रं?" "नाही आई." तेव्हा त्या रडल्या. "लहानपनी काटा मोडला तर गाव डोक्यावर घ्यायचास रं," म्हणाल्या, "अन् आता ओरडत बी न्हाईस?" व्हिडिओनं जे कळलं नव्हतं, डॉक्टरनं, सुनेनं, नातीनं सांगून जे कळलं नव्हतं, ते त्यांना तेव्हा कळलं. पोरगं ओरडलं नाही, ह्यानं कळलं.

तसंच टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे. मुक्ताबाईसुद्धा, त्या इरकलीसकट! बाईंनी जखम धुतली, खोलवर बघितली. आम्ही सगळे बाहेर जीव मुठीत धरून. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आलात. पाय शाबूत राहील. पण हे उद्या-परवा कळलं असतं तर मी असं बोलू शकले नसते." मुक्ताबाईंनी हात जोडले. "बाई, ह्याला कायतरी औषिद द्या. कसलं बी द्या. म्या सोता चारीन."

डॉक्टरबाईंनी एकदा वहिनींकडं बघितलं, एकदा मुक्ताबाईंकडं. मग चिठ्ठी ओढली आणि ठळक मराठीत लिहिलं: "औषध – मऊ सँडल, मागे पट्टा. दोन्ही पायांत. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. घरात." खाली सही, शिक्का!

"आजी, हे पायात घालायचं औषध आहे. चुकवायचं नाही."

मुक्ताबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. चप्पल म्हटली की पायताण, पायताण म्हटलं की उंबऱ्याबाहेर. पण औषध? औषधाला कसला आलाय विटाळ! घरी आल्या आल्या त्यांनी स्वतः ते खोकं उघडलं, सँडल गरम पाण्यानं पुसली, आणि देवघरासमोर – देवघरासमोर, ऐका! – लेकाच्या पायात चढवली.

टाच महिन्याभरात भरली. पण घरात आता औषधाचा कारभार असा काही कडक झाला, काही विचारू नका! बाजीराव बाथरूमला निघाले की आतून आवाज, "बाजी, औषिद घातलंस का?" पाहुणे बसलेत, बाजीराव सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेत, "बाजी, औषिद सांडलं बघ खाली, घाल!" पाहुणे बिचारे खाली वाकून काय सांडलं ते शोधतायत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात दत्ताचं छोटंसं देऊळ आहे. जखम भरली म्हणून मुक्ताबाई लेकाला घेऊन गुरुवारी दर्शनाला निघाल्या. दारातल्या खुर्चीवर बसवलं, बाहेरचा बूट काढला, पिशवीतून धुतलेली घरातली सँडल काढली, चढवली, आणि चल आत! गुरुजी आतून धावत आले.

"आजी, आजी! चप्पल बाहेर!"

"चप्पल न्हाई. औषिद हाय."

आणि कमरेची चिठ्ठी काढून धरली समोर! बाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सँडल काढायला वाकले, तर आईनं दंड धरला. गुरुजींनी चिठ्ठी वाचली, परत वाचली, शिक्का बघितला. इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला. "काका… हे मिळतं कुठं? मला बारा वर्षं शुगर आहे. दिवसभर ह्या फरशीवर अनवाणी. अलीकडं पायांना काही कळेनासंच झालंय." मग काय! देवासमोर उभं राहून बाजीरावांनी गुरुजींना अख्खं लेक्चर दिलं, संध्याकाळी जा, कागद कापून न्या, आधी हात घालून बघा, दुकानदार 'कसं वाटतंय' विचारील, उत्तर देऊ नका! पुढच्या गुरुवारी गुरुजींच्या पायात पांढरी कासवं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी देवळाबाहेर पाटी लागली: "चपला बाहेर काढाव्यात. औषध आत चालेल." झालं! नवी मुंबईत शुगर कुणाला नाही हो? ए विंग, बी विंग, जो तो आपला पायातले वर करून, "औषध आहे, औषध आहे!" म्हणत आत. एक महाशय तर चकचकीत स्पोर्ट्स शूज घालून आले, म्हणे हाय डोस आहे! गुरुजींनी हात टेकले. मग कमिटीची मीटिंग झाली, आणि ठरलं की दारात कुणीतरी खमकं माणूस बसवायचं, चिठ्ठी बघितल्याशिवाय एकाला आत सोडायचं नाही. आणि खमकं माणूस कोण? मुक्ताबाई!

परवाच्या गुरुवारी बाजीराव गेले. खुर्चीवर आई. सँडल चढवून हे आत निघाले, तर काठी आडवी!

"चिठ्ठी?"

"आई, मी आहे. बाजी!"

"बाजी हायस ते दिसतंय मला. चिठ्ठी कुठाय?"

"अगं, चिठ्ठी तुझ्याच कमरेला असते ना!"

"ती माजी झाली. तुजी दाखव. नेम म्हंजी नेम. बाजूला हो, मागं मानसं खोळंबल्यात."

तर मंडळी, बाजीराव गेले, डॉक्टरबाईंकडून दुसरी चिठ्ठी लिहून आणली, लॅमिनेशन करून घेतली आणि दोरी लावून गळ्यात अडकवली. हसू नका! रिटायर होऊन तीन वर्षं झाली माणसाला, आणि गळ्यात परत कार्ड आलं!